माणसं धरून ठेवण्याचे बिनखर्ची उपाय

माणसं टिकत नाहीत म्हणून हैराण असाल, तर आधी एक करा: पगाराचा विषय डोक्यातून काढा. ती चूक हेन्री फोर्डने करून झाली आहे. १९१३ साली त्याच्या कारखान्यातली गळती ३७० टक्क्यांच्या घरात गेली, म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात जवळपास चार माणसं घ्यावी लागत. मग या गृहस्थाने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाचा पगार दुपटीच्या आसपास नेऊन ५ डॉलर केला आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले. माणसं टिकली. पण पैसे देऊन कोणीही टिकवील, त्यात कसब ते काय? कामगार दारू पितो का, घर नीट ठेवतो का, हे बघायला घरोघरी तपासनीस धाडायची त्याची कल्पना मात्र उचलण्यासारखी. हल्ली तेवढ्यासाठी चॅटमधलं हिरवं टिंब पुरतं.

मग सर्वेक्षण घ्या. निनावी. वर ठळक अक्षरांत ‘तुमची ओळख गुप्त राहील’ आणि खाली विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं. अकाउंट्समध्ये माणसं तीन, त्यात बाई एकच. तिचं मत कितपत गुप्त राहतं ते बघाच. ज्यांनी भरलं नाही त्यांना नावानिशी आठवणीचे मेल पाठवा. निनावी फॉर्म मी भरला नाही हे तुम्हाला कळलं कसं, असं कोणी विचारत नाही. सगळ्यांनी ‘पगार कमी, माणसं कमी’ लिहिलं, की निष्कर्ष काढा: संवाद कमी पडतोय. लगेच शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला संवादाची मीटिंग लावा. उपस्थिती ऐच्छिक ठेवा, हजेरी मात्र घ्या.

अप्रेझलला बेल कर्व्ह वापरा, म्हणजे सगळ्यांनी चांगलं काम केलं तरी ठरावीक टक्के माणसं तळाला टाकायचीच. मायक्रोसॉफ्टने तसली क्रमवारी २०१३ मध्ये सोडून दिली, तेव्हा सेकंडहँड मिळायला हरकत नाही.

चोख काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून सोडून गेलेल्याचं काम द्या. वर ‘सीनियर’ लावा. ईमेलखालची सही बदलली की झालं.

इतकं करूनही कोणी राजीनामा दिलाच, तर दोन वर्षं ‘बजेट नाही’ म्हणून अडलेली वाढ त्याच दुपारी मंजूर करा. शेजारच्या टेबलांवरून सगळे बघत असतात. सोमवारी सगळं ऑफिस माना खाली घालून, चहालाही न उठता, आपापला बायोडेटा नीट करत बसलेलं दिसेल. फोटो काढून घ्या, वार्षिक अहवालात चांगला दिसतो.