खुलासा: ‘एसएनएमपीवॉक’ने यूपीएस बंद होत नाही

ऐरोली-घणसोलीच्या सोसायटी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘एसएनएमपीवॉक कमांड चालवून कोणीही तुमचा यूपीएस, स्विच बंद करू शकतो.’ हे चुकीचं आहे. एसएनएमपी म्हणजे यूपीएस, नेटवर्क स्विच अशा उपकरणांची माहिती नेटवर्कवरून घेण्याची आणि ती सांभाळण्याची पद्धत. त्यातली एसएनएमपीवॉक ही कमांड फक्त वाचते. गेट-नेक्स्ट, म्हणजे ‘पुढची नोंद दे’, अशा विनंत्या पाठवत एकेक नोंद मागते. बदल करायला एसएनएमपीसेट ही वेगळी कमांड लागते, तीही उपकरणाने लिहिण्याची परवानगी दिली असेल तरच चालते. या कमांड ज्यात येतात त्या नेट-एसएनएमपी सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट आहे. टर्मिनलवर ‘मॅन एसएनएमपीवॉक’ (man snmpwalk) टाकून बघा.

काळजी मात्र अगदीच अनाठायी नाही. एसएनएमपीच्या आवृत्ती १ आणि २सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे जवळपास पासवर्डच, नेटवर्कवरून उघडी जाते. त्यात ती ‘प्रायव्हेट’ अशी कंपनीतून आली तशीच ठेवलेली असली, तर विचारायलाच नको. ती बदला, जमल्यास आवृत्ती ३ घ्या. तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवलात, तिथे हा खुलासा टाका.