सर्व्हिसिंग की पेट्रोलची आंघोळ?

एचएमटी जनता हे मनगटी घड्याळ. चावीचं, 17 ज्वेलचं (घर्षण कमी करणारे खडे), तासाला 18,000 ठोके देणारं साधंसरळ यंत्र. तरी ते उघडायला द्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो! कारण ‘सर्व्हिसिंग केलं’ म्हणजे बहुतेक ठिकाणी काय, तर अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवायचं, फुंकर मारायची आणि वरून तेलाचा थेंब. अहो, मेनस्प्रिंगच्या (चावी दिली की आवळणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या) डबीतलं जुनं ग्रीस तसंच राहतं की! बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, आसाच्या टोकांना पातळ तेल लागतं, सेंटर व्हीलला (मधल्या चाकाला) दाट, आणि पॅलेट फोर्कच्या (ठोक्यागणिक चाक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या काट्याच्या) आसाच्या टोकांना अजिबात नाही. तेल ओघळून हेअरस्प्रिंगची (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी चिकटली की घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. मग रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची दांडी) सरकवून ‘झालं बघा’! टाइमग्राफरचं (ठोके तपासणाऱ्या यंत्राचं) रीडिंग मागितलं, तर कारागिराचा चेहरा असा की जणू किडनीच मागितली. बॅलन्सचा झोका 270 अंशांच्या आसपास हवा, हे सांगायचं कुणी?

वर फुकटचा उत्साह: न विचारता डायल रंगवून देतात. छान पिवळसर पडलेला मूळ डायल गेला, आणि नव्यावर ‘जनता’ची अक्षरं वाकडी. काढलेले जुने पार्ट परत मागा, तर म्हणे, ‘फेकले.’