एक फुल, एक हाफ

सोमवारी सकाळी साडेदहाला एका थकबाकीदाराला फोन लावला. सात हप्ते थकलेले, जामीनदारांना नोटिसा गेलेल्या, आता सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढायचा एवढंच शिल्लक. आवाज नेहमीचा लावला. हा आवाज मी बारा वर्षं घासूनपुसून तयार केलाय. त्यात नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी समोरच्याला 'जप्ती' ऐकू येतं. फोन स्पीकरवर होता, कारण शेजारी नुकताच लागलेला एक पोरगा बसला होता आणि वसुलीचा फोन कसा करायचा हे मी त्याला शिकवत होतो.

"नमस्कार. पतसंस्थेतून बोलतोय."

पलीकडून अत्यंत मायेनं उत्तर आलं, "बोला की सायेब. बारकीची शू झाली न्हवं मग नीट?"

झालं असं. बायको शुक्रवार ते रविवार प्रशिक्षणाला पुण्याला गेली. (शनिवार-रविवारी प्रशिक्षण ठेवणाऱ्यांना घरी पोरंबाळं नसतात की त्यांना घरी जायचं नसतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीन. सासूबाई म्हणाल्या, "पोरांना कोल्हापूरला आणून सोडा." मी म्हटलं, "छे, मी बघतो." या 'मी बघतो'ला एक चित्रपट जबाबदार आहे.

'द पॅसिफायर', २००५ चा. विन डिझेल हा अमेरिकन नौदलाचा सील कमांडो. दंड इतके की हात सरळ खाली सुटत नाहीत. एका शास्त्रज्ञाचा खून होतो आणि त्याची पाच पोरं सांभाळायची कामगिरी याच्यावर येते. घरात एक बदकही आहे. सुरुवातीला पोरं त्याला जुमानत नाहीत, मग हळूहळू सगळे एकमेकांचे होतात, आणि बारक्याला झोपवायला तो बलदंड गडी पांडाचा नाच करतो. मी हा चित्रपट चार वेळा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी उठताना मला वाटलंय की आपल्यालाही जमेल. आपणही कणखर आहोत. मला मिशा आहेत. माणसं मला पाहून मागच्या दारानं जातात.

या जातीचे चित्रपट पोत्यानं आहेत. पैलवानांचं तर ते ठरलेलंच आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. लहानपणी आम्ही रेसलिंगची ट्रम्प कार्डं खेळायचो. रँक, उंची, वजन, छाती, दंड. ज्याच्याकडे हल्क होगन त्याची गल्लीत पत. तर तो होगन १९९३ साली 'मिस्टर नॅनी'मध्ये दोन पोरं सांभाळताना दिसतो. मग 'द रॉक' ड्वेन जॉन्सन २०१० मध्ये पंख लावून दाताची परी झाला. २०१९ मध्ये जॉन सीना वणवे विझवणारा, त्याच्या गळ्यात तीन भावंडं. २०२० मध्ये बटिस्टा हेर, त्याला नऊ वर्षांची पोरगी भारी पडते. म्हणजे आमच्या कार्डांचा सगळा डाव कुस्तीच्या रिंगणातून उठून पाळणाघरात गेला. कार्डावर 'सांभाळलेली पोरं' असा रकाना तेव्हाच छापायला हवा होता.

आणि अर्नोल्ड. १९९० चा 'किंडरगार्टन कॉप'. बालवाडीत शिकवायला खरं म्हणजे त्याची सहकारी पोलीस बाई जाणार असते, पण ऐन वेळी तिचं पोट बिघडतं. मग हा जातो. पोरं ऐकेनात तेव्हा शिट्टी काढतो आणि वर्गाची परेड करून टाकतो. आमच्या घरात शिट्टी फक्त कुकरची, आणि तीही शुक्रवारी रात्री मी मोजायची विसरलो. वरणाचा लगदा झाला, भाताचं मी सांगत नाही.

आपल्याकडचा 'मिस्टर इंडिया' (१९८७) मला या सगळ्यांपेक्षा खरा वाटतो. पोरांचा घोळका, भाडं थकलेलं, किराणा उधार. फक्त त्यात एक अन्याय आहे. त्या उधारी मागणाऱ्या माणसांची बाजू आजवर कुणी मांडलेली नाही. मी मांडली असती. पण आज माझीच बाजू मांडायची आहे.

शनिवारी सकाळी दहा वाजेपर्यंत मी शरण आलो होतो. तपशील नको. फक्त एवढंच की तीन वर्षांच्या मुलीच्या दोन शेंड्या घालायच्या असतील तर त्या दोन्ही एकाच उंचीवर याव्या लागतात, आणि एक वर एक खाली आली तर ती आरशात पाहून "आईऽऽ" असं ओरडते की वरच्या मजल्यावरचे खाली येतात. सासूबाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

सांगली-कोल्हापूर बस धरली. पन्नासेक किलोमीटर. एका खांद्यावर माझी बॅग, दुसऱ्या खांद्यावर कन्येची गुलाबी, तिच्यावर ससा. मास्तर आले. म्हटलं, "एक फुल, एक हाफ, कोल्हापूर." मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, फार दिवसांनी जुना मित्र भेटावा तसं. आता बघा, २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर, निम्मं. पंचाहत्तरच्या पुढं फुकट. पाच ते बारा निम्मं, पाचच्या आत फुकट. भरलेल्या गाडीत पूर्ण पैसे मोजणारे आम्ही दोघंच निघालो. मी, आणि मागं दोन बाकं सोडून बसलेला एक माणूस. तो कोण हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर दुसऱ्या गाडीनं गेलो असतो. त्यानं कुठंतरी रक्कम पूर्ण भरल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव नोंद आहे.

शेजारी एक मावशी होत्या. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. गाडी स्टँडाबाहेर पडायच्या आत त्यांनी सुरू केलं.

"लेकरं कुणाची?"

"माझीच."

"दोनी?"

"दोन्ही."

"आई कुठाय?"

"पुण्याला गेलीय. ट्रेनिंगला."

मावशींनी पिशवी खाली पायाशी ठेवली. म्हणजे आता दोन्ही हात मोकळे करून ऐकायचं होतं.

"कदी येणार?"

"उद्या रात्री."

"फोन उचलती?"

"उचलते की!"

"मग हाय आशा."

मी म्हटलं, "मावशी, तसं काही नाही. ती शिक्षिका आहे. सरकारी प्रशिक्षण आहे." मावशी म्हणाल्या, "तर वो. पिता काय?" मी म्हटलं, "नाही." "हात उगारता?" "मावशी!" "न्हाई, मिशा हायत म्हणून इचारलं."

मागच्या बाकावरच्या बाईंनी पुढं वाकून विचारलं, "काय झालंय गं?" त्यावर मावशींनी मान न वळवता दिलेलं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही: "काय न्हाई. टरेनिंगला गेलीया म्हंत्यात."

या 'म्हंत्यात'ची ताकद कोर्टात वकिलालाही नसते. माझं लग्न, बारा वर्षांची नोकरी, दोन पोरं, सगळं त्या एका शब्दानं संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. पलीकडच्या बाकावर एक आजोबा होते, पंचाहत्तरच्या पुढचे, म्हणजे गाडीत फुकट. प्रवास फुकट असला की माणूस सल्लाही सढळ हातानं देतो. ते म्हणाले, "आमच्या गावातली बी एक गेलती टरेनिंगला." मग खिडकीबाहेर बघत गप्प. मावशींनी विचारलं, "मग?" आजोबा म्हणाले, "मग काय. आट वरसं झाली."

मी चिरंजीवांकडं पाहिलं. म्हटलं, हा तरी सांगेल. चिरंजीव म्हणाले, "आई जाताना रडत होती."

गाडीत शांतता.

"कांदा चिरत होती," मी म्हटलं. "कांदा! मी उठलो नव्हतो म्हणून तिनं डबा..." आणि इथं मला कळलं की खुलासा जितका लांबतोय तितकं प्रकरण अंगावर येतंय. थकबाकीदारांचंही असंच होतं. आजवर मला वाटायचं, ते खोटं बोलतात म्हणून अडखळतात.

मावशी आता माझ्याशी बोलणं सोडून कन्येशी बोलू लागल्या. तिच्या शेंड्या सोडल्या, आपल्या डोक्यातली एक पिन काढली, दातात धरली, आणि चालत्या गाडीत, खड्ड्यांसकट, तीन मिनिटांत दोन सारख्या शेंड्या घातल्या. "बापाच्या हाताला काय येतंय," म्हणाल्या. मला रागही आला आणि शेंड्या बघून हेवाही वाटला.

त्या चित्रपटांत हे कुठंय, सांगा. 'पॅसिफायर'मध्ये आई स्वित्झर्लंडला जाते, बँकेतली एक पेटी उघडायला. पासवर्ड सापडत नाही म्हणून तिचा मुक्काम लांबतो. जॅकी चॅनच्या 'द स्पाय नेक्स्ट डोअर'मध्ये (२०१०) आईचे वडील दवाखान्यात, म्हणून ती जाते. प्रत्येक वेळी आईला काहीतरी करून गावाबाहेर काढतात, त्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. पण म्हणून त्या कमांडोला कुणी अडवून विचारतं का, की बायको नांदत नाही काय? त्याच्यापुढं येतात ते बंदूकवाले. सोपं आहे. शेवटच्या वीस मिनिटांत खलनायक घरात घुसतात, हा ठोसे मारतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि चुकलेल्या शेंड्यांचा हिशोब मिटतो. मी जयसिंगपूरपासून हातकणंगल्यापर्यंत वाट पाहत होतो की गाडीत एखादा पाकीटमार चढेल. कुणीही चढलं नाही. चढल्या त्या आणखी दोन मावश्या, आणि पहिल्या मावशींनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

वाटेतल्या एका स्टँडवर गाडी थांबली. कन्या म्हणाली, "बाबा, शू." तीन वर्षांच्या मुलीची शू म्हणजे पूर्वसूचना नसते. ती अंतिम नोटीस असते. उचललं आणि पळालो. चिरंजीव मागून, गुलाबी बॅग त्याच्या गळ्यात.

डावीकडे महिला, उजवीकडे पुरुष. मधे मी.

मुलीच्या बापानं कुठल्या दारातून जायचं असतं? मी गंमत करत नाहीये. स्टँड घ्या, मॉल घ्या, मंगल कार्यालय घ्या. आत ओळीनं पाठमोरे उभे पुरुष, तिथं मी हिला नेऊ? आणि डावीकडच्या दारात बसलेल्या बाई म्हणाल्या, "जेन्ट्स न्हाई जायचं आत." बरोबरच आहे त्यांचं. मी म्हटलं, मग काय करू? त्या म्हणाल्या, "आईला पाठवा."

तेवढ्यात मावशी गाडीतून उतरून आल्याच. "आणा हिकडं," म्हणून त्यांनी कन्येला घेतलं. कन्येनं माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि स्टँड हादरेल अशी किंकाळी फोडली. "मला नाऽही जायचं! मला आई पाहिजे!"

आता तिऱ्हाइताच्या नजरेनं हे बघा. मिशाळ माणूस. किंचाळणारी मुलगी. अनोळखी बाईच्या हातात देतोय. गुलाबी बॅग घेतलेला पोरगा रडकुंडीला आलेला. चार माणसं जमली. एका तरुणानं मोबाइल वर धरला. दुसऱ्यानं माझा दंड धरला आणि विचारलं, "पोरगी कोण हाय तुमची?" मी म्हटलं, "माझी मुलगी आहे." तो म्हणाला, "कशावरनं?"

बारा वर्षं मी लोकांना विचारतोय, कशावरून? कागद दाखवा. माझ्याकडं त्या क्षणी पोरीचा एकही कागद नव्हता.

"ओ, सोडा त्येस्नी," मागून आवाज आला. "सायेब हायत आमचे. पतसंस्थेचे. घरला येत्यात माज्या, म्हैन्याला दोनदा. चांगला मानूस हाय." आणि गर्दी बाजूला करत सात हप्त्यांची थकबाकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या तरुणाला म्हणाला, "मी वळखतो न्हवं? माझ्या जिम्म्यावर सोडा."

ज्याच्या दोन जामीनदारांना मी नोटिसा काढल्या, तो त्या चौकात माझा जामीनदार झाला. सही नाही, तारण नाही. तोंडी.

कन्या मावशींबरोबर आत गेली, हसत बाहेर आली. मावशी म्हणाल्या, "झाली." चौघांनी सुटकेचा श्वास सोडला, थकबाकीदारानंही. पुढचा प्रवास तो माझ्या शेजारी बसून आला, चिरंजीवांना शेंगदाणे दिले. हप्त्याचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. कसा काढणार?

बायको आल्यावर मी तिला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं, आवाज चढवून, हातवारे करून. ती दोन्ही पोरांना घेऊन याच गाडीनं वीसेक वेळा गेली असेल. तिला आजवर कुणी 'वडील कुठायत' विचारलेलं नाही; खिडकीची जागा तेवढी मागितलीय. सगळं ऐकून ती म्हणाली, "पिन परत दिलीस ना मावशींची?"

सोमवारचा फोन मी दोन मिनिटांत आवरला. हप्त्याचं म्हणालो, पण आवाजात जप्ती काही आली नाही. तो म्हणाला, "बगू की सायेब," आणि मी म्हणालो, "बघा." नवा पोरगा शेजारी मन लावून लिहीत होता. वसुली नोंदवहीत प्रत्येक फोनचा शेरा लिहायचा असतो, हे मीच त्याला सकाळी बजावलं होतं. संध्याकाळी सह्या करताना पान उघडलं. त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कर्जदाराशी संपर्क झाला. मुलगी बरी आहे.'