मिठाची आठवण करून देणाऱ्या हितचिंतकांस

प्रतिपालकत्वावरच्या, म्हणजे निराधार मुलाला दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळण्यावरच्या (फॉस्टर केअर) माझ्या लेखाखाली ‘एक हितचिंतक’ लिहितात: “ज्या संस्थेनं वाढवलं तिच्याचविरुद्ध गावोगाव भाषणं ठोकता. खाल्ल्या मिठाला जागा. लोकांच्या घरी मुलांना धुणीभांडी करायला लावतात, त्याचं काय? संस्थांतही चांगली माणसं असतात.”

शेवटचं आधी घेते. असतात, मान्य. आमच्या बालगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी आजारी पोरीच्या उशाशी रात्र काढायच्या. त्यांच्याबद्दल मी कधीच वावगं बोललेले नाही.

पण मिठाचं मला ऐकवू नका. कुणी वाढदिवसाचं जेवण द्यायला आलं की ताटं वाढून तयार असायची. फोटो निघेपर्यंत घासाला हात लावायचा नाही. श्रीखंडावर माशा बसायच्या, आम्ही हात मांडीवर ठेवून बसायचो. मग एका सुरात “धन्यवाद काका, धन्यवाद काकू”. आभार मानण्यातच माझं बालपण गेलं. तुमच्या मुलांना तुम्ही रोजच्या जेवणाचे आभार मानायला लावता का? आणि ती मोठी झाल्यावर घराबद्दल काही बोलली, तर त्यांचं मीठ काढता?

पुढे बालकल्याण समितीनं, म्हणजे निराधार मुलानं कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीनं, मला एका कुटुंबात ठेवलं. सातवीत गणितात नापास झाले, तर घरच्या काकू तडक शाळेत गेल्या आणि बाईंशी भांडल्या. त्याआधी माझ्या प्रगतिपुस्तकावर अधीक्षकांची सही व्हायची. सगळ्या मुलींच्या गठ्ठ्यात, एका बैठकीत. अधीक्षक वाईट नव्हते. माझ्यासाठी भांडायला त्यांना सवड नव्हती. मी भाषणांत हेच सांगते. याला तुम्ही बदनामी म्हणता?

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, असं २०१५चा बालन्याय कायदाच सांगतो. प्रतिपालकत्व त्याच्या कलम ४४ मध्ये आहे. २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही आता मूल सांभाळायला घेता येतं आणि सांभाळलेल्या मुलाच्या दत्तकासाठी पाचऐवजी दोन वर्षांनी अर्ज करता येतो. तालुक्याच्या गावी हे सांगितलं की लोक विचारतात, “असं असतं होय?” म्हणून फिरते मी.

धुणीभांड्यांचं म्हणाल तर देखरेखीला बालकल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. आणि बालगृहात भांडी कोण घासत होतं असं वाटतं तुम्हाला? असो, तो विषय इथे वाढवत नाही.

मुलांना संस्थेऐवजी घरी वाढवायला मदत देणाऱ्या राज्याच्या बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना ११०० वरून २२५० रुपये झाली. बोलणारे मिठाला जागून गप्प बसले असते, तर ती अजून तिथेच असती. पुढच्या महिन्यातलं भाषण ठरलेलं आहे आणि ते मी देणार आहे. तुम्हाला आणखी काही म्हणायचं असेल, तर आधी स्वतःचं नाव लिहा.