इतकी चांगली आहे तर विकताय कशाला?

माझ्याकडे एक निळी फाईल आहे. दोन रिंगांची, जाडजूड, आणि तिच्यात आमच्या फोर बाय फोर गाडीची 11 वर्षांची बिलं तारखेवार लावलेली आहेत. इंजिन ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, कुठल्या ग्रेडचं घातलं, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पुढच्या मागच्या डिफरन्शियलचं तेल, ट्रान्सफर केसचं तेल, प्रोपेलर शाफ्टला ग्रीस मारल्याच्या तारखा (याचं बिल नसतं, ग्रीस मी स्वतःच मारतो, म्हणून कोऱ्या कागदावर लिहून खाली सही केलीय). बायको म्हणते, लग्नाचा दाखला कुठंय विचारलं तर तुला तीन दिवस लागतील. खरंय. पण तो विकायचा नाहीये ना.

गाडी विकायचं कारण अगदी साधं होतं. आईचे गुडघे. ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) मी ही गाडी घेतली तोच शेवटी नडला. मागे एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं, प्रत्येक ठिकाणी मी उतरायचो, स्टूल काढायचो, आई चढायची, मग स्टूल परत डिकीत. एकदा स्टूल रस्त्यातच राहिलं आणि उतरताना आईने असं काही बघितलं माझ्याकडे की त्याच रात्री जाहिरात टाकली.

जाहिरात मी जीव ओतून लिहिली. मागच्या डाव्या दारावरचा ओरखडासुद्धा वेगळा फोटो काढून दाखवला. उत्तरं आली. पहिलं, "आहे का?" मी लिहिलं, आहे. तो माणूस त्यानंतर आजतागायत दिसलेला नाही. दुसरं, "लास्ट किती?" म्हणजे फर्स्टचा अजून पत्ता नाही, गाडी बघितलेली नाही, नाव गाव काही नाही, थेट लास्ट. तिसऱ्याला दोन मोटरसायकलींच्या बदल्यात पाहिजे होती. चौथा म्हणाला मी लांब असतो, गाडी न बघताच घेतो, फक्त हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. आता पैसे यायला कुणी कधी कोड स्कॅन करत नाही एवढं मलाही कळतं, त्यामुळे त्याला सोडलं, पण खरं सांगतो, चार दिवसांत "गाडी छान दिसतेय" असं म्हणणारा तो एकटाच होता.

एकाने विचारलं, फोर बाय फोर म्हणजे चार दरवाजे ना? मी म्हटलं नाही हो, पहिला चार म्हणजे एकूण चाकं, दुसरा चार म्हणजे त्यातल्या किती चाकांना इंजिनाची ताकद पोचते तो आकडा, साधी कार म्हणजे फोर बाय टू. तो म्हणाला, मग दरवाजे किती?

मग प्रत्यक्ष माणसं यायला लागली.

पहिले गृहस्थ येणार म्हणून मी चांगुलपणाने अर्धा तास आधी गाडी चालू करून ठेवली, म्हटलं पाहुण्यासमोर कशाला खडखड. गृहस्थ आले, नमस्कार नाही चमत्कार नाही, सरळ बॉनेटवर तळहात ठेवला, डॉक्टर पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. "गरम आहे." मी म्हटलं हो, आत्ताच चालू केली. "थंडीत स्टार्ट होत नाही वाटतं." आता त्यांचंही चूक नाही, गरम इंजिनात स्टार्टिंगची भानगड लपते, जाणकार माणूस थंड गाडीच बघतो, पण ते ज्या सुरात म्हणाले ना, मलाच क्षणभर वाटलं आपण काहीतरी लपवतोय.

म्हणून दुसऱ्यासाठी गाडी रात्रभर थंड ठेवली. जुनं डिझेल इंजिन, इग्निशन ऑन केली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो, हीटर प्लग तापत असतात, तो विझेपर्यंत दोन चार सेकंद थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्याने चावी फिरवलेली. गाडी खोकली, थरथरली, एक धुराचा गोळा सोडला आणि चालू झाली. तो माझ्याकडे बघून नुसता हसला. त्या हसण्याची किंमत त्याने नंतर ऑफरमधून वजा केली.

येताना प्रत्येकजण बरोबर एक "माहितीतला माणूस" आणतो. हा माणूस काही बोलत नाही. तो टायरला लाथ मारतो (लाथेतून त्याला काय कळतं हे मला अजून कळलेलं नाही), मग वाकून खाली बघतो आणि "च्च" करतो. बस. त्या एका "च्च"ला तोड नाही. तुम्ही 11 वर्षांची बिलं पसरा, सर्व्हिस बुक उघडा, तेवढ्या "च्च"ने सगळं खलास. एका माहितीतल्या माणसाने डिपस्टिक काढली, बोटावर तेल घेतलं, ते आपल्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, काळं. मी म्हटलं अहो डिझेल आहे, काजळीने तेल थोड्या दिवसांत काळं पडतंच, 300 किलोमीटरपूर्वी बदललंय, हे बघा बिल. त्याने बिल बघितलं नाही. बोट बघत राहिला.

आणि एक लक्षात आलं, गाडीत काही चांगलं असेल तर ते संशयास्पद असतं. चेसिस धुऊन ठेवली, तर तेल गळतंय म्हणून धुतली. पुढच्याला न धुता दाखवली, तर मेंटेन नाही केली. गाडी चिखलात फिरलेली असेल तर "घासलेली दिसते" आणि फारशी फिरलेली नसेल तर "मग फोर बाय फोर घेतली कशाला?" चारही टायर एकदम बदललेत, तर टायर खात असणार, अलाइनमेंट गेलंय. अरे बाबांनो, फोर बाय फोरला चारही टायर एका मापाचे लागतात, दोन नवे दोन झिजलेले घातले तर व्यास वेगळा होतो, मग पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि गाडी फोर व्हीलमध्ये टाकली की त्या भांडणाचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) येतो, म्हणून एकदम बदलले, खर्चाची हौस नव्हती मला. तरी एकजण टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचून म्हणाला, 2322, हा म्हणजे साइज ना? मी म्हटलं नाही, 2022 सालचा तेविसावा आठवडा, टायर तेव्हा बनला. तो म्हणाला, म्हणजे जुना आहे. जिंकला.

टेस्ट ड्राइव्हचं तर वेगळंच पुराण. लायसन्स बघितल्याशिवाय चावी द्यायची नाही आणि शेजारी आपण बसायचं, एवढे दोन नियम मी केले होते. तिसरा नियम करायला पाहिजे होता, फोर व्हील टाकायच्या छोट्या लिव्हरला हात लावायचा नाही. एक तरुण पोरगा आला, उत्साही, कोरड्या खडखडीत डांबरी रस्त्यावर त्याने "दादा, टाकून बघू का?" म्हणत गाडी फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) टाकली आणि स्टेअरिंग पूर्ण कापून यू टर्न घेतला. माझ्या पोटात गोळा आला. आमची गाडी पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे एरवी दोनच चाकांना ताकद, लिव्हर टाकली की चारही, आणि मध्ये सेंटर डिफरन्शियल नाही, म्हणजे पुढच्या मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून जातात, चिखलात वाळूत ती जराशी घसरतात आणि हिशोब मिटतो, डांबरावर घसरायला जागाच नाही, मग तो फरक सगळ्या शाफ्टांत पीळ होऊन बसतो. स्टेअरिंग दगडासारखं झालं, गाडी बेडकासारखी उड्या मारत वळली, आणि पोरगा लिव्हर टू व्हीलमध्ये ओढतोय तर ती येईना. "दादा, गिअर अडकला." मी शांतपणे (आतून रडत) म्हटलं, सरळ ठेवून जरा रिव्हर्स घे. घेतली, पीळ सुटला, कट्ट करून लिव्हर आली. पोरगा उतरला आणि फोनवर कुणाला तरी सांगत होता, गाडी चांगलीये पण गिअरबॉक्सचं काम निघेल.

त्यावर कडी म्हणजे एक काका. त्यांना लो, म्हणजे त्याच लिव्हरचा हळू पण जोराचा गिअर, बघायचंच होतं. मी म्हटलं गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, आता ओढा. पडला लो. पहिल्या गिअरला क्लच सोडला, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी कासवासारखी पुढे सरकायला लागली, आणि हीच तर त्या गिअरची खरी मजा, वेग घालवून जोर मिळवायचा, खड्या चढावर भरलेल्या गाडीसकट मुंगीच्या पावलांनी चढायचं. मी अभिमानाने काकांकडे बघितलं. काकांनी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. इंजिन बोंबललं, गाडी चालत जाणाऱ्या एका आजींच्या बरोबरीने चालली होती. काका म्हणाले, "पिकअपच नाही हो."

पण या सगळ्याहून मोठा प्रश्न एकच, आणि तो प्रत्येकाने विचारला. सगळं बघून झालं, वाकून झालं, च्च करून झालं की कमरेवर हात ठेवून, "इतकी चांगली आहे तर विकताय कशाला?"

मी खरं सांगायचो. आईचे गुडघे. आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसायचं की यांना आई तरी आहे का. एकदा तर आईला खाली आणून स्टूलसकट प्रात्यक्षिक द्यावं असं मनात आलं, पण आई म्हणाली, मी जाहिरातीत नाही येणार. मग मी कारणं बदलायला लागलो. दुसरी गाडी बुक केलीय म्हटलं, तर "मग तुम्हाला घाई असेल" म्हणून ऑफर खाली. पैशांची गरज आहे म्हटलं, तर आणखी खाली. कंटाळा आला म्हटलं, तर माहितीतल्या माणसाने गिऱ्हाइकाला कोपऱ्यात नेलं. शेवटी मी फाईल पुढे करून म्हणायचो, वाचा. कुणी वाचली नाही. एकाने वजन करून बघितलं आणि म्हणाला, बापरे, इतकं काम निघालं का गाडीत?

महिन्याने एक माणूस आला. एकटा. त्याने बॉनेटला हात लावला, थंड. पिवळा दिवा विझेपर्यंत थांबला, मग सेल्फ. मी तिथेच विरघळलो. मग पिशवीतून जुनं चादरीचं कापड काढून अंथरलं आणि गाडीखाली शिरला, नुसते पाय बाहेर. दहा मिनिटं काही आवाज नाही. मी बाहेर फाईल घेऊन उभा, नापास व्हायची सवय झालेल्या पोरासारखा. खालून आवाज आला, "ग्रीस तुम्ही स्वतः मारता का?" मी म्हटलं, हो. "फोर व्हील अधूनमधून टाकता का?" मी म्हटलं, महिन्यातून 16 किलोमीटर तरी, कच्च्या रस्त्यावर, म्हणजे तेल सगळीकडे फिरतं आणि सील वाळत नाहीत. "हं." हा हं वेगळा होता.

तो बाहेर आला, कापड झटकलं, किंमत विचारली, मी सांगितली, त्याने थोडी कमी सांगितली, मी हो म्हटलं. संपलं. विकताय कशाला हे त्याने विचारलंच नाही, आणि मी इतका अस्वस्थ झालो की मीच सांगायला लागलो, अहो आईचे गुडघे... तो म्हणाला, असू दे. पैसे खात्यात जमा झाल्यावर मग सह्या, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने कागदावर, नाव बदलाचा अर्ज लगेच (नाहीतर दंड त्याचा आणि नोटीस आपल्या दारात), हे सगळं रीतसर झालं. मी चावी दिली, जास्तीची चावी दिली, जॅक आणि हँडल दाखवलं, आणि दोन्ही हातांनी फाईल पुढे केली.

तो म्हणाला, "ती राहू दे तुमच्याकडे. मी खालून बघितलंय सगळं."

गाडी वळणावरून गेली. मी फाईल घेऊन उभा. डिकीतलं स्टूलही काढायचं राहिलं. बायको म्हणाली, रद्दीत टाकू का? मी तिच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही.

तीन आठवड्यांनी फोन आला. "साहेब, ते मागच्या डिफरन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं होतं तुम्ही?" मी म्हटलं, एक मिनिट हं. फाईल काढली, चष्मा लावला, खुर्ची ओढून नीट बसलो. "आहात ना? हां. तर पहिलं बिल बघा, गाडी घेतल्यानंतर पाचव्या आठवड्यातलं..."