रडणाऱ्या मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ सांगू नका

चिडलेल्या मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की काय होतं ते एकदा नीट बघा. खांदे वर जातात, छाती फुगते, श्वास क्षणभर तिथेच अडकतो आणि मग भस्सकन सुटतो. असे भराभर मोठे श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. आधीच बिथरलेलं मूल आणखी घाबरतं.

शिकवायचं असतं ते श्वास सोडणं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना व्हेगस नावाच्या नसेमुळे मंदावतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी नाकाने 3 सेकंद आत, ओठांचा चंबू करून 4 सेकंद बाहेर, एवढं पुरे. समोर मेणबत्ती आहे असं समजायचं. ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. शांत होण्यासाठी मोठ्यांना सांगितलं जाणारं मिनिटाला 6 श्वासांचं गणित लहानांवर लादू नका. त्यांचा श्वास मुळातच जलद असतो, ओढूनताणून लांबवला की ती श्वास कोंडून धरतात. दम्याच्या मुलाला तर जबरदस्ती नकोच. डोळे मिटायची सक्तीही नको, काही मुलांना त्याचीच भीती वाटते.

आता बायोफीडबॅक, म्हणजे आपल्या शरीरात काय चाललंय ते यंत्रावर बघून त्यावर ताबा मिळवायला शिकणं. बोटाला किंवा कानाच्या पाळीला लावलेला सेन्सर प्रकाशाच्या मदतीने नाडी टिपतो आणि पडद्यावर ठोक्यांच्या गतीची रेषा उमटते. श्वास लयीत आला की तीच वेडीवाकडी रेषा लाटेसारखी गोल होते. ‘हे मी केलं!’ हे मुलाला तिथे दिसतं, आणि त्यासाठीच हे यंत्र मला मोलाचं वाटतं. पण बोटं गार असली, क्लिप घट्ट बसली किंवा हात हलला तरी रेषा दातेरी होते. अशा वेळी ‘तू शांत बसत नाहीस’ म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे. आधी तळवे चोळून गरम करा, हात बाकावर टेकवा, मिनिटभर थांबा, मग रेषेकडे बघा.

आणि कृपा करून ती रेषा वर्गासमोर मोठ्या पडद्यावर दाखवू नका, गुणही देऊ नका. गुणांसाठी धडपडणारं मूल अंग ताठ करतं आणि लय तिथेच मोडते.

सराव रोज 3 मिनिटं, तोही मूल शांत असताना. भर रागात नवीन काही शिकता येत नाही, शिकलेलं असेल तेवढंच आठवतं. शिवाय कुणी चिडवल्यामुळे मूल संतापलं असेल तर आधी त्या चिडवण्याचा बंदोबस्त करा. त्याचा राग खरा आहे, तो श्वासाने दाबायचा नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पडदा मुलापासून वळवून ठेवा. आधी त्यालाच विचारा, ‘आत्ता रेषा कशी असेल?’ त्याने सांगितलं की मग दाखवा. अंदाज बरोबर यायला लागले की क्लिप काढून टाका.