मिरा म्हणजे वाटा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे: आत्याने हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही. आजोबांचं घर, वारस तिघं: काका, बाबा आणि आत्या. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे ग्रुपवर सगळ्यांना पाठ आहे. तरी काकांनी लिहिलं, ‘ज्याच्या नशिबात जे असतं तेच मिळतं.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. बाबा गप्प.

मी अथेन्सला राहते. इथे नशिबाला ‘मिरा’ म्हणतात, प्राचीन उच्चार ‘मोइरा’. आपल्याकडे पाचवीला सटवाई येते, तशा इथल्या जुन्या समजुतीत तिसऱ्या रात्री तिघी मिरा येऊन बाळाचं विधिलिखित ठरवतात. पण शब्दाचा मूळ अर्थ वाटा. मृत्युपत्रातून वगळलं तरी मुलांना मिळणारा कायदेशीर हिस्सा, त्याला आजही इथल्या कायद्यात ‘नॉमिमी मिरा’ हेच नाव आहे. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं, मग आपला ‘भाग्य’ आठवला. तोही ‘भाग’मधूनच आलेला.

ग्रीक पुराणातल्या ईडिपस राजाच्या घराण्याची गोष्ट आपण शाप आणि दैव म्हणून वाचतो. मला हल्ली तिच्यात वाटणीचं भांडण दिसतं. थीब्जचं राज्य त्याच्या दोघा मुलांचं. एटिओक्लीज गादी सोडेना, पॉलिनायसीज फौज घेऊन आला. इ. स. पू. ४६७ मध्ये नाटककार एस्किलसने हा प्रसंग रंगमंचावर आणला, त्यात बापाचा शाप असा, की पोरं वारसा लोखंडाने वाटून घेतील. घेतलाच, एकमेकांना मारून. दोघांच्या वाट्याला आली फक्त पुरण्यापुरती जमीन, आणि नवा राजा क्रेऑनने पॉलिनायसीजला तीही नाकारली. बहिणी त्या वाटणीत कुठेच नव्हत्या. तरी भावावर माती टाकायला गेली ती अँटिगनीच. सोफोक्लीज या नाटककाराने तिच्या तोंडी घातलेला युक्तिवाद विचित्र आहे: नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूलही होईल, पण आईबाप मेल्यावर भाऊ पुन्हा कुठून आणायचा?

नेमकं हेच आमच्याकडे आत्याला ऐकवलं जातंय. ‘जमिनीचं काय, भाऊ पुन्हा मिळणार आहेत का?’ फरक इतकाच, की अँटिगनी हे स्वतः म्हणते. आत्याला दुसरे सांगतात, तेही ज्यांना तिचा वाटा हवाय ते.

ग्रीक लोक शहाणे, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे हुंडा कायद्याने गेला तो १९८३ मध्ये, आपल्या १९६१ च्या कायद्यानंतर बावीस वर्षांनी. माझ्या समोरचा फ्लॅट मी आल्यापासून बंद आहे. चार भावंडांची नावं लागलीत, आणि म्हणे नाताळलाही एकमेकांना फोन करत नाहीत. वाटा मिळाला, बोलणं संपलं. काकांना नेमकी हीच भीती असेल, तर ती खोटी नाही.

पण मग त्यांनी तसं म्हणावं, नशिबाला मध्ये का घ्यावं? नकळत झालेली पापं कळून स्वतःचे डोळे फोडून घेतल्यावर ईडिपससुद्धा म्हणतो की दुःख अपोलो देवाने आणलं, पण घाव घालणारा हात माझाच. काकांचा हात तर नुसताच जोडलेला. बाबांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय. तेही खरंच.

आत्याने अजून सही केलेली नाही. भाऊबीजेला मात्र जाणार आहे, दोघांना ओवाळायला.